सात कळांचं नाव

सकाळची पूजा आटोपेपर्यंत मी बोलत नाही. अठरा वर्षांचा नेम आहे. त्या वेळात फोन आला तर हे उचलतात. त्या शनिवारी साडेसातला फोन वाजला. ह्यांनी उचलला, दोनतीनदा "हं, हं" केलं आणि देवघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "तुझ्या ऑफिसातली ऋतिका. आज हळद आहे ना तिची? रडतेय गं. म्हणते, ड्रायव्हर मिळत नाहीये."

मी हातानेच विचारलं, गाडीचा?

"मीही तेच विचारलं. तर म्हणाली, नाही काका, जावाचा."

निरांजन ओवाळता ओवाळता मला हसू आलं. ते दाबलं, देवाची मनातल्या मनात क्षमा मागितली, आणि शेवटचं फूल वाहून पहिला शब्द बोलले तो हाच, "लावा तिला फोन."

अंधेरीला आमचं छोटंसं ऑफिस आहे. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम चालते ठेवायचे, हे आमचं काम. ऋतिका तिथे ग्राहकांचे फोन घेते. मनोरीची कोळ्यांची पोर, बोलायला एकदम खणखणीत. आज मात्र तिचा आवाज चिरकला होता.

"अनुपमाताई, वाट लागलीय. आजीच्या मशीनवर धवल्यांचा प्रोग्रॅम उघडतच नाहीये. चार वाजता हळद आहे."

तिची आजी पुतळाबाई गावातली धवलारीण. लग्नात हळदीला आणि मांडवात जे धवले गातात, ते गाणारी बाई. तिला हे सगळं तिच्या आईकडून मिळालेलं, तोंडीच. सात वर्षांपूर्वी हर्षद नावाच्या एका मुलाने हौसेने तिच्यासाठी जावा ह्या संगणकाच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहून दिला. आजी म्हणायची, ऋतिका टाइप करायची. असे एकशे बारा धवले डेटाबेसमध्ये जमा झाले. मग गेल्या वर्षी आजीला मोठा ताप आला आणि त्या तापात बरंच काही वाहून गेलं. आईचा हळदीचा धवला बारा कडव्यांचा, त्यातली मधली तीन गेली. आणि नवरीचं नाव घ्यायचं ते कडवं त्या तिन्हींच्या पुढचं.

"गाळून पुढे जाता येत नाही का?" मी विचारलं.

"आजी म्हणते, मधलं गाळलं तर हळद अर्धी राहते. ती गाणारच नाही म्हणतेय, ताई. सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही तिने."

मधलं गाळायचं नाही म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला, मार्वेला जाऊन फेरीबोट पकडली आणि दहाच्या सुमारास मनोरीत उतरले.

दारात मांडव घातला होता. ओट्यावर ऋतिकाचे आजोबा, लहूबाबा, आंब्याची पानं दोऱ्यात ओवत बसले होते. शेजारी खाकी शर्टातला एक उंच माणूस उभा होता. मला बघून तो पुढे आला.

"मॅडम, मी खंडू. टेंपो चालवतो. मी सुटेबल आहे का बघा."

"म्हणजे?"

आतून ऋतिका ओरडली, "अहो ताई, स्क्रीनवर आलं ना, नो सुटेबल ड्रायव्हर, ते मी मोठ्याने वाचलं. आजीने लगेच ह्याला बोलावणं धाडलं!"

"दोन तास उभा आहे," खंडू म्हणाला. "आतापर्यंत बोरिवलीला दोन खेपा झाल्या असत्या."

पुतळाबाई दारात आली. ठेंगणी, ताठ, कपाळाला मोठं कुंकू. माझा हात धरून म्हणाली, "ये बाय. मना काय त्या मशीनचं कलत नाय. ड्रायवर पायजे बोलली, मी आणला. आता यो पन चालत नाय बोलतान."

"चालेल आजी, थांबू दे त्याला," मी म्हटलं. "पण आधी माझा ड्रायव्हर बसवून बघू."

मशीन आतल्या खोलीत, पाटावर. नवीन होतं, तरी त्याला हळदकुंकू लावलेलं. जुनं खाऱ्या हवेने गेलं, तेव्हा दुकानदाराने त्यातली डिस्क काढून ह्यात बसवली होती. म्हणजे डेटाबेस जागेवर होता, धवले जागेवर होते. प्रोग्रॅमही होता. नव्हता तो फक्त दोघांना जोडणारा दुवा.

खोलीत आठदहा बायका दाटीने बसल्या होत्या. ऋतिकाच्या दोन्ही हातांवर मेंदी, म्हणून ती कळांना हात लावू शकत नव्हती. ती नुसती मान पुढे काढून बघत होती.

"म्हणजे नक्की काय नाही सापडत?" खंडू दारातून म्हणाला. त्याच्या धंद्याचा शब्द होता, त्याला कळून घ्यायचं होतं.

"हे बघ, प्रोग्रॅम मार्वेला उभा आहे, धवले मनोरीला आहेत. मधे खाडी. इकडचं तिकडे न्यायला बोट लागते. त्या बोटीला आमच्यात ड्रायव्हर म्हणतात."

"मग बोट म्हणा ना सरळ! माझा अर्धा दिवस वाचला असता."

बायका हसल्या. मी फोल्डर उघडले. हर्षदने ती ड्रायव्हरची जार फाईल, म्हणजे बोटच, जुन्या मशीनवर थेट जावाच्याच पोटातल्या फोल्डरमध्ये ठेवली होती. तेव्हा चालायचं तसं. मशीन बदललं, जावा नवीन आली, ती जुनी जागाच गेली आणि तिच्याबरोबर बोटही. मी पेनड्राइव्हमधून दोन फाइली आणल्या होत्या. कुठली जावा, कुठला डेटाबेस ते बघून त्यातली जुळणारी घेतली, प्रोग्रॅमच्या शेजारी 'लिब' नावाचं फोल्डर केलं, त्यात ठेवली. मग प्रोग्रॅम सुरू करणारी छोटी फाईल उघडून तिच्या क्लासपाथमध्ये त्या जार फाइलीचा पत्ता लिहिला. म्हणजे प्रोग्रॅमला सांगितलं की बाबा रे, बोट ह्या धक्क्याला लागते.

सुरू केलं. पुन्हा लाल अक्षरं.

"झालं!" ऋतिका म्हणाली. "परत तेच."

"तेच नाही. वाच नीट. आता ड्रायव्हरची तक्रार गेली. आता म्हणतंय, यजमान, म्हणजे डेटाबेस ज्या मशीनवर आहे ते, सापडत नाही."

चूक बदलली की मला फार बरं वाटतं. जुनी गेली, म्हणजे एक पायरी चढलो. ऑफिसात मुलं मला हसतात यावरून. सेटिंगच्या फाइलीत डेटाबेसचा पत्ता होता, त्यात जुन्या मशीनचं नाव राहून गेलं होतं. ते खोडून 'हेच मशीन' अशा अर्थाचा शब्द घातला, फाईल जतन केली, पुन्हा सुरू केलं.

आणि स्क्रीनवर एक स्वच्छ पांढरी चौकट आली. वापरणाऱ्याचं नाव: पुतळा. पासवर्ड: रिकामा.

"आली!" ऋतिका ओरडली. "हीच ती चौकट! आजी, ये लवकर. ताई, पासवर्ड आजीच टाकते. कुणाला सांगत नाही. मलासुद्धा पाठ फिरवायला लावायची."

पुतळाबाई पाटासमोर बसली. पदर सावरला, उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि कीबोर्डवर ते तसंच अधांतरी राहिलं. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"माजं टिपकं कुठं गेलं?"

मग कळलं. आजीला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. हर्षदने जुन्या कीबोर्डवर लाल नेलपॉलिशचे ठिपके करून दिले होते. एक ठिपका पहिली कळ, दोन ठिपके दुसरी. अशा सात वेळा बोट लावायचं की पेटी उघडते. तो कीबोर्ड मशीनबरोबर भंगारात गेला होता.

"काही हरकत नाही आजी," मी म्हटलं. "तुम्ही शब्द सांगा, मी टाइप करते."

आजीने पुढे केलेलं बोट मागे घेतलं.

"सांग ना गं आजी," ऋतिका म्हणाली. "लग्न माझं आहे, लाजतेस काय तू?"

"मना बोलता येत नाय."

"अवघड आहे का शब्द?"

"अवगड नाय. बोलता येत नाय."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी आजीच्या तोंडाकडे बघितलं. तिचा हात मंगळसूत्रावर गेला होता आणि नजर ओट्याकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी मीसुद्धा 'हे' आणि 'अहो' यावरच सगळा संसार केला आहे.

मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "धन्याचं नाव आहे का, आजी?"

तिने मान हलवली. कान लाल झाले तिचे.

ऋतिकाने टाळी वाजवायला हात उचलले, मेंदी आठवून तसेच ठेवले. "एवढंच ना! ताई, टाका. एल, ए, एच, यू. लहू!"

मी टाकलं. चौकट थरथरली. चुकीचा पासवर्ड.

"चार नाय," पुतळाबाई म्हणाली. "सात हायत."

"लहूबाबा टाका! मोजा, मोजा. आठ झाले. लहूशेठ?"

"पुरे," मी हात मागे घेतला. "आणखी दोनदा चुकलं तर डेटाबेस हे खातंच बंद करून ठेवेल. अंदाजाने टाकायचं नाही आता."

हर्षदला फोन लावला. तो दूरदेशी, फोन बंद. आजी म्हणाली, त्याला नाव तिच्या दिराने कानात सांगितलं होतं आणि दीर तर आता नाही. मग सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. एक म्हणाली, बोल गो, आजकाल सगळ्या नावानेच हाका मारतात. दुसरी म्हणाली, एकदा बोललीस तर काय समुद्र आटणार आहे? आजीने ओठ घट्ट मिटले आणि डोळ्यांत पाणी आलं. तिला धवलाही हवा होता आणि नेमही. नातीसाठी ती नेम मोडेलही, असं मला एक क्षण वाटलं, आणि तेच मला नको होतं.

"कुणी बळजबरी करू नका," मी म्हटलं. माझा आवाज तसा बारीकच, पण खोली गप्प झाली. "आजी, नेम मोडायचा नाही. नाव नुसतं घ्यायचं नसतं. पण उखाण्यात घ्यायला कधी कुणाची मनाई होती का?"

पुतळाबाईने माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू हसू फुटलं. पुढचा एकच दात, पण काय ते हसू!

"छप्पन वर्सं झाली बाय. येक डाव घेतलेला, मांडवात. तो पन इसरली."

"नवीन करा की. धवलारीण ना तुम्ही?"

तिने डोळे मिटले. बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. बाहेर ओट्यावर पानं ओवणं थांबलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. मग आजीने डोक्यावरचा पदर नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"मशीनच्या पेटीत आयची माझ्या ठेव,
चावी तिची येकच, धनी माझा सहदेव!"

क्षणभर कुणालाच काही कळेना.

"सहदेव?" ऋतिका म्हणाली. "सहदेव कोण?"

ओट्यावरून उत्तर आलं. "मी."

लहूबाबा दारात येऊन उभे होते, अर्धं तोरण हातात लोंबत. "माझं पाळण्यातलं नाव. आय हाक मारायची. ती गेल्यावर कुणी घेतलं नाय." मग बायकोकडे बघून म्हणाले, "तुज्या ध्यानात हाय?"

"मांडवात ह्या नावाचा उखाना तुमच्या आयनंच शिकवलेला," पुतळाबाई जमिनीकडे बघत म्हणाली. "लहू गावाचा. यो माजा."

बायकांनी असा गलका केला की मांडववाले काम टाकून आत डोकावले. मी बोटांवर मोजलं. एस, ए, एच, ए, डी, ई, व्ही. बरोबर सात. देवाचं नाव घेतलं, एकेक कळ सावकाश दाबली आणि शेवटची कळ दाबायला आजीचं बोट धरून नेलं.

चौकट गेली. स्क्रीनवर यादी उघडली. एकशे बारा धवले, एकाखाली एक, सगळे आपापल्या जागी.

"निघाली बोट!" खंडू दारातून ओरडला. "मॅडम, आता मी जाऊ?"

"तू कुठं जातोस," पुतळाबाई म्हणाली. "ड्रायवर म्हणून बोलावलेला, जेवून जा."

ऋतिकाने हळदीचा धवला शोधून वाचायला सुरुवात केली. आठव्या कडव्याची पहिली ओळ तिने उच्चारली मात्र, आजीने हात वर करून तिला थांबवलं. पुढचं तिचं तिनेच म्हटलं, आठवं, नववं, दहावं, डोळे मिटून, न अडखळता. अकराव्यात नवरीचं नाव येतं. तिथे आल्यावर तिने डोळे उघडले, नातीकडे बघितलं आणि 'ऋतिका' असं लांबवून गायलं की पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. हात मेंदीचे, पुसणार कशी? लहूबाबांनी आपल्या उपरण्याने पुसलं.

चारला हळद लागली. बाराच्या बारा कडवी झाली. मी माझ्या शनिवारच्या उपासाला आजीने दिलेलं शहाळं प्यायले आणि निघण्याआधी एकदा मशीनकडे गेले. कुणालाही वाटेल तेच मलाही वाटलं होतं. पासवर्ड सेटिंगच्या फाइलीत लिहून ठेवला की प्रोग्रॅम आपोआप उघडेल. आजीला त्रास नको.

फाईल उघडलीच होती, तेवढ्यात मागे लहूबाबा येऊन उभे राहिले. हळदीने पिवळे झालेले.

"मॅडम, काय करताव?"

मी सांगितलं. आता परत नाव विचारणार नाही, अशी सोय करून देते.

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे आता सांगायला नाय लागनार?"

"नाही लागणार."

"आनि हे नाय केलं, तर दर टायमाला विचारील?"

"उघडताना दर वेळी. आणि आजीला ठिपके नाहीत, म्हणजे..."

"म्हणजे बोलायला लागंल."

"उखाण्यात," मी म्हटलं.

बाबांनी बाहेर बघितलं. पुतळाबाई बायकांच्या घोळक्यात बसून खंडूला आग्रहाने वाढत होती. मग ते माझ्याकडे वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "र्‍हाऊ द्या मॅडम. हाय तसंच र्‍हाऊ द्या."

मी काही न बदलता फाईल बंद केली.