सरांची कुस्ती

दहावी ड मध्ये एक्केचाळीस मुलं होती. बाकं एकोणीस, त्यांतली स्वतःच्या पायांवर उभी असलेली चौदा, बाकीची विटांवर. खिडक्यांना तावदानं चोवीस, धड सात. फळा एक, डस्टर नाही. तालमीत जाणारी मुलं तेवीस: बारा एका तालमीची, अकरा दुसरीची. हा एकाचा फरक मिटवण्यासाठी रोज मधल्या सुट्टीत मारामारी होई. ती सुट्टीत पुरी होत नसे, म्हणून उरलेली पुढच्या तासाला चाले. आणि तो तास पदार्थविज्ञानाचा असे.

पदार्थविज्ञान श्रीपाल सरांकडे. सर मूळचे नेसरीचे. वय तेवीस, बी.एस्सी. पहिला वर्ग, वजन बावन्न किलो, नोकरी तात्पुरती. जूनपासून त्यांनी न्यूटनचा पहिला नियम चारदा सुरू केला होता. दुसऱ्यापर्यंत एकदाही पोचले नव्हते. सप्टेंबरातल्या एका शनिवारी हेडमास्तरांनी त्यांना खोलीत बोलावलं.

"श्रीपालराव, हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी सुट्टीनंतर मी तुमच्या दाराबाहेर उभा राहणार. तुमचा आवाज ऐकू आला, तर कायमची ऑर्डर. नुसता पोरांचाच ऐकू आला, तर मात्र गावाकडं शेती बघा."

दुसऱ्या दिवशी, मन रमावं म्हणून, सर सकाळच्या इंग्रजी खेळाला गेले. आणि पडद्यावर बघतात तर काय, दहावी डच! परदेशातलं मोठं शहर, तुरुंगासारखी शाळा, चामडी जाकिटांतली पोरं, खिशात चाकू. नवा मास्तर वर्गात येतो. पोरं त्याच्या डोक्यावरून चेंडू मारतात. मास्तर शांतपणे कोट काढतो, बाह्या सरसावतो आणि म्हणतो, इथला सगळ्यात दांडगा कोण, त्यानं पुढं यावं. वर्ग चिडीचूप. पोरं माना खाली घालतात, आणि मध्यंतरानंतर सगळी कविता वाचायला लागतात.

सरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. आव्हानापासून कवितेपर्यंत अकरा मिनिटं. एकच शंका राहिली: प्रयोग एकदाच झालेला होता, आणि तोही पडद्यावर.

सोमवारी सर दाजींचा लग्नातला कोट घालून शाळेत आले. उकाडा मरणाचा होता, पण काढायचा म्हणजे आधी घालायला हवा. वर्गात तिसऱ्या आणि चौथ्या बाकाच्या मध्ये दिलदार आणि जोतीराम एकमेकांत गुंतून पडले होते. दिलदार बाराजणांचा म्होरक्या, जोतीराम अकराजणांचा. सरांनी कोट काढला. खुर्चीला पाठ नव्हती म्हणून खिडकीत ठेवला. बाह्या सरसावल्या.

"या वर्गात सगळ्यात दांडगा कोण आहे? त्यानं पुढं यावं!"

वर्ग चिडीचूप झाला. अगदी सिनेमातल्यासारखा. सरांनी मनात मोजलं: एक, दोन, तीन, चार. पाचव्या सेकंदाला दिलदार धूळ झटकत उठला. त्याच्या तोंडावर शरम कुठंच नव्हती. घरात पाळणा हलल्यासारखा तो खुलला होता.

"खरंच, सर? कधी धरायची?"

"काय धरायची?"

"कुस्ती की! तुमीच आव्हान दिलंसा न्हवं?"

"कुठल्या मातीत?" जोतीराम खालूनच म्हणाला. "सरांनी बोलावलंय, म्हंजे माती तुजी. रीतच हाय ती. आयतवारी सकाळी ठेव."

"अरे, मी म्हणालो ते त्या अर्थानं नव्हे..." सर म्हणाले. पण कोल्हापुरात आव्हान हवेत सोडून देत नाहीत. संध्याकाळपर्यंत पानपट्टीवाल्यानंही विचारलं, "सर, वजन किती तुमचं? बावन्न? अरारारा!"

तो आठवडा विचित्र गेला. दिलदार रोज तांब्याभर दूध आणि सोललेले बदाम आणी. "खुराक घ्या, सर. काटकी मोडली म्हनून नाव ठेवतील लोक मला." जोतीरामला तर दिलदारला पाडायची आयती संधी दिसली होती. मधल्या सुट्टीत तो सरांना मैदानावर उभं करी आणि पवित्रा शिकवी. "गुडघं वाकवा. आनि वाकवा. सर, फळ्यावर लिवायला न्हाय, कुस्तीला उभं ऱ्हायलाय!" तालमीतली बाकीची बावीस पोरं भोवती कडं करून बघत. मारामारीला कुणाला सवडच नव्हती.

रविवारी तालमीत लाल माती उकरून तयार होती. दिलदारचे चुलते हुसेन वस्ताद कडेला उभे होते. प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच सरांनी जोतीरामच्या हातात दिलं. दिलदार पुढं आला आणि वाकून आधी सरांच्या पाया पडला. सिनेमात असं काही नव्हतं. सर गोंधळून "असू दे, असू दे" म्हणाले. मग दिलदारनं अदबीनं त्यांचा हात काखेत धरला, कंबर आत घातली आणि ढाकेचा डाव टाकला. सरांना क्षणभर तालमीचं छप्पर दिसलं. छपराला कौलं किती, हे मोजायच्या आत पाठ मातीला लागली.

"नऊ सेकंद!" जोतीराम ओरडला.

दिलदारनं त्यांना उठवून पाठीवरची माती झटकली. वस्ताद म्हणाले, "मास्तर, भ्यालं न्हाईसा, त्ये खरं. पर तुमी उभं खांबागत ऱ्हाताय. खांब म्हंजे पडनारच की."

सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "का पडणार?"

"आता का म्हंजे? पडतोय!"

"नाही, पण का?" सर म्हणाले, आणि तसेच मातीनं माखलेले खोलीवर जाऊन आकडेमोड करत बसले.

सोमवारी सुट्टीनंतर हेडमास्तर ठरल्याप्रमाणे दाराबाहेर येऊन उभे राहिले. आतून आवाज येत होता, पण तो एक्केचाळीस पोरांचा. मास्तरांचा एक शब्द नाही. त्यांनी दार ढकललं.

वर्गाच्या मधोमध दोन मीटर लांब फळी होती. एक टोक विटेच्या धारेवर, दुसरं जोतीरामच्या काकांच्या गुळाच्या अडतीतून आणलेल्या वजनकाट्यावर. फळीवर दिलदार आडवा, तळपाय विटेच्या धारेशी. सर काट्यावर वाकलेले. पोरं आकडे ओरडत होती आणि भागाकारावरून भांडत होती.

"हे काय चाललंय?"

"मी का पडत न्हाई, त्ये काडायलोय, साहेब," दिलदार आडव्यानंच म्हणाला.

"माणसाच्या वजनाचा मध्य असतोय," जोतीरामनं सांगितलं. "त्यो पायापास्नं किती वर, ह्ये काट्यावरनं कळतंय. गुडघं वाकवलं की मध्य खाली. सर वाकलंच न्हाईत, म्हनून आडवं झालं. गणितानं दावलंय."

हेडमास्तर सरांकडे वळले. "श्रीपालराव, तुमचा आवाज मला ऐकू आला नाही."

"नाही सर," श्रीपाल सर म्हणाले. "ही मुलं बोलूच देत नाहीत. सारखी विचारतात."

हेडमास्तरांनी फळ्यावरचे आकडे पाहिले. खालून वर, मग पुन्हा वरून खाली. मग दार लोटून घेतलं.

"गारगोटीच्या मैदानात तीन वर्षं मला कुणी ढाकेवर पाडलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "त्याचं कारण यातून निघेल?"

"निघेल, सर. पण आडवं व्हावं लागेल."

हेडमास्तरांनी टोपी काढून जोतीरामकडे दिली. "ऑर्डर उद्या घेऊन जा. आधी हे माप घ्या. ए दिलदार, ऊठ!"

हेडमास्तर फळीवर आडवे झाले. वजन ब्याऐंशी किलो. फळीचं वजा जाता काट्यावर साडेछत्तीस. हेडमास्तरांचा मध्य तळपायापासून एकोणनव्वद सेंटीमीटर, दिलदारपेक्षाही चार खाली.