गादीची गरम बाजू

आमच्या आईला कायम उकडतं आणि बाबांना कायम थंडी वाजते. पंख्याच्या बटणावरून रोज जुंपायची. शेवटी बाबा उशी उचलून हॉलमधल्या सोफ्यावर गेले, ते तिथलेच झाले. त्यांची पाठ धरली, आईची झोप उडाली, पण माघार कोण घेणार? घरात इंजिनियर मी. म्हटलं, या दोघांना एका खोलीत मीच आणते.

विजेवर चालणारी एक चपटी चकती मिळते. तिची एक बाजू गार होते, दुसरी गरम. अशा चकत्या आणि पाण्याच्या नळ्या जोडून मी गादी केली. आईच्या बाजूची उष्णता ओढायची, बाबांच्या बाजूला सोडायची. कागदावर झकास! प्रत्यक्षात मेली गादी माझ्या जिवावर उठली. ओढलेली उष्णता बाबांकडे जायचीच, वर चकत्यांनी खाल्लेली वीजही उष्णता होऊन त्यांच्याच माथी. त्यांची बाजू तापली की आईची गार होईना. वीज वाढवली, तर आणखीच बिघडलं.

रविवारी दुपारी पुन्हा चाचणी. आई आपल्या कडेला, बाबा आपल्या कडेला, मध्ये अबोला.

"बाबा, चटका बसतोय का?"

"छे! मस्त ऊब आहे."

मीटरवर त्यांच्या बाजूला एक्केचाळीस अंश. सेन्सर बदलला, तरी तेच. मी वैतागून पाना आपटला आणि सेन्सर चाचपायला बाबांच्या पाठीखाली हात घातला. सदरा घामाने चिंब, पाठ लालबुंद.

"अहो बाबा, भाजताय की तुम्ही! बोलला का नाहीत?" मला रडूच फुटलं. त्यांच्या 'मस्त'वर विसंबून केलेल्या आजवरच्या सगळ्या चाचण्या पाण्यात गेल्या होत्या.

बाबा छताकडे बघत म्हणाले, "बोललो असतो तर गादी उचलून नेली असतीस. मग मी पुन्हा सोफ्यावर."

आई ताडकन उठून बसली. आता बाबांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. तिने त्यांचं मनगट धरलं. "इकडे सरका आधी. शहाणे!"

दोघं तिच्या अर्ध्या गादीवर दाटीवाटीने आडवे झाले. गरम बाजू मोकळी पडली, तिची उष्णता खोलीत जाऊ लागली, आणि ज्या आकड्यासाठी मी महिनोन्महिने डोकं फोडत होते, तो आईच्या बाजूला मुकाट्याने येऊन बसला. मला आनंद व्हावा की संताप, तेच कळेना.

"थंडी वाजतेय का हो?" आईने विचारलं.

"छे, मस्त आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या हातावर काटा उभा राहिला होता.

आईने हात लांबवून पंखा बंद केला.