खालचा जबडा

भाच्यानं प्लास्टरचे तीन चिमुकले मुकुट टेबलावर मांडले आणि आत्याच्या डोक्यात सणक गेली. मुकुट आले म्हणजे खेळ संपला. हे सोंग तिनं आधी दोनदा बघितलं होतं.

भाचा दात बनवायचा. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांची मापं यायची आणि त्याच्या कारखान्यातून कवळ्या जायच्या. कारखाना म्हणजे एक खोली, एक भट्टी आणि एक लांब टेबल. रविवारी दुपारी तेच टेबल पुसून चौघं खेळायला बसायची. भाचा गोष्ट सांगायचा, बाकीची तिघं त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायची आणि आपण काय करतो ते बोलायची. जमेल की नाही असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. बसचा ड्रायव्हर सरदार होता, नर्सबाई वैदू होत्या, आणि आत्या होती किल्लीवाली, कुठल्याही कुलपाला न जुमानणारी चोर. पराक्रम केला की माणूस एक पायरी वर चढायचा. अशा पायऱ्या वीस. प्रत्येक पायरीला भाचा एक दुधाचा दात ओतायचा आणि ज्याच्या त्याच्या मेणाच्या हिरडीत रोवायचा. लहान मुलाला दुधाचे दात वीसच असतात, दहा वर आणि दहा खाली, त्यामुळे हिशेब चोख बसत होता. फक्त वरचा जबडा भरला रे भरला की भाच्याला मुकुट आठवायचे. खालच्या हिरड्या आजवर बोडक्याच राहिल्या होत्या.

पहिल्या वेळी आत्या धनुर्धारी होती, तिला दहाव्या पायरीवर एका गावाची कारभारीण करून टाकलं. दुसऱ्या वेळी जादूगारीण होती, तिला शाळेची मोठ्या बाई केलं. आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिली पायरी, पुन्हा तेच तळघर आणि मारा उंदीर. त्या उंदरांचा आत्याला इतका वीट आला होता की स्वप्नातसुद्धा त्यांना दयामाया दाखवायची नाही.

त्यात हा आठवडाच वाईट गेलेला. आत्या लिफ्ट दुरुस्त करायची. अंधाऱ्या शाफ्टमध्ये दोरांना लोंबकळत तिची उमर गेली होती. सोमवारी साहेबानं तिला खुर्ची देऊन, साखरेत घोळून सांगितलं होतं, ताई, आता उतरणं-चढणं पुरे, ऑफिसात बसा, फोन घ्या, आराम करा. गुडघे तिचे, दुखतात तिला, आणि आराम ठरवणार हा कालचा पोरगा. पण तोंडाशी आलेलं उत्तर तिनं गिळलं होतं.

रागावली की आत्या जिभेनं खालचा पुढचा दात हलवायची. तो दात तिचा नव्हता. मागच्या वर्षी पाना निसटून तोंडावर बसला, मूळचा दात गेला, आणि हा काढता-घालता येणारा भाच्यानंच बनवून दिला होता. आत्ता तो दात सारखा वर-खाली होत होता. भाच्याला ते दिसलं, पण त्यानं न बघितल्यासारखं केलं आणि गोष्ट पुढे रेटली.

राजानं सरदाराला अर्धं राज्य दिलं. ड्रायव्हर खूश झाला. वैदूला मोठं रुग्णालय दिलं. नर्सबाई म्हणाल्या की रुग्णालयातच जायचं तर उद्या सकाळी जातेच आहे, पण त्यांनीही मुकुट घेतला. मग राजा किल्लीवालीकडे वळला. तिला खजिन्याच्या किल्ल्या, मऊ गादीचं आसन आणि जन्मभराचा आराम.

"नको," आत्या म्हणाली.

भाच्याला वाटलं ती भाव खातेय. त्यानं आसनाला मोत्यांची झालर लावली.

"झालर तुझ्या राजाला लाव. माझी किल्लीवाली बसणार नाही. ती खाली चाललीय, त्या काळ्या दाराकडे."

काळं दार सगळ्यांना आठवत होतं. या खेळाच्या अगदी पहिल्या दुपारी, राजवाड्याच्या तळाशी, भाच्यानंच ते दाखवलं होतं आणि वर मिजाशीत म्हणाला होता की हे तुमचं काम नव्हे. आता मात्र तो हातातला फासा उगाच फिरवत बसला. मग समजुतीचं बोलायला लागला. दहाच्या वर कुणीच खेळत नाही, म्हणाला. सगळीकडे हेच होतं. वर गेलं की माणसं उडायला लागतात, भिंतीतून जातात, मेलेली उठतात. मी महिनाभर डोकं खपवून संकट रचायचं आणि तुम्ही ते चहा निवायच्या आत मोडायचं. शिवाय लोकांची लग्नं होतात, बदल्या होतात, खेळ असाही मोडतोच. त्यापेक्षा चांगलं चाललंय तोवर मानानं थांबावं. आणि मग तो बोलू नये ते बोलला. किल्लीवालीनं आता आराम करावा, म्हणाला.

सोमवारचं उत्तर आत्याच्या तोंडून रविवारी बाहेर पडलं.

"माझा आराम मी ठरवीन. मरायचं असेल तर ती त्या दारात मरेल, गादीवर नाही. दे तो फासा."

एकोणीस किंवा वीस पडायला हवे होते. पडले तीन. भाच्यानं मनावर दगड ठेवून सांगितलं की कुलपाला दात आहेत, त्यानं किल्लीवालीचा उजवा हात मनगटापासून तोडला. भाच्याला वाटलं, आता तरी ही बया ऐकेल.

"डावा आहे," आत्या म्हणाली.

ड्रायव्हरनं पुढ्यातला मुकुट टेबलाच्या कडेला सारला. अर्धं राज्य कुठे पळून जात नाही, माझा सरदार दिवा धरून तिच्या मागे उभा आहे, असं त्यानं जाहीर केलं. नर्सबाईंनी रुग्णालय वाऱ्यावर सोडलं आणि मनगट बांधायला घेतलं. भाचा तिघांकडे बघत राहिला. कान लाल झाले होते त्याचे.

"आत्या, दाराच्या मागे काहीच नाहीये," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे मी ठरवलेलंच नाही. मला तिथलं सुचत नाही गं. दर वेळी भीती वाटते आणि मी मुकुट काढतो."

आत्याचा राग अर्धा तिथेच उतरला. हा पोरगा लहानपणी जिन्याची शेवटची पायरी आली की रडायचा आणि तिचं बोट धरायचा. पण उरलेला अर्धा राग तिनं सोडला नाही.

"मग मलाही माहीत नाही. दोघं मिळून भिऊ. फासा टाकते."

वीस नाही पडले, एकोणीस पडले. ड्रायव्हरनं टेबलावर अशी थाप मारली की सरदाराचा मुकुट खाली पडून फुटला, आणि तो उचलायला कुणी वाकलं नाही. कुलूप उघडलं. भाच्यानं मोठा श्वास घेतला आणि म्हणाला की किल्लीवाली अकराव्या पायरीवर चढली. सवयीनं त्याचा हात दातांच्या डबीकडे गेला आणि तिथेच अडखळला. खालच्या दातांचा साचा त्यानं कधी केलाच नव्हता. केविलवाणा चेहरा करून तो म्हणाला की आजच्या दिवस राहू दे, पुढच्या रविवारी ओतून आणतो.

आत्या पुढचा रविवार ओळखून होती. तिनं तोंडात बोट घातलं, भाच्यानं दिलेला दात काढला, पदराला पुसला आणि बोडक्या हिरडीच्या मेणात अंगठ्यानं दाबून बसवला. बाकीच्या चिमण्या दातांपुढे तो राक्षसाचा वाटत होता.

"हा बसला," ती दाताच्या खिंडारातून हसत म्हणाली. "आता दार ढकल आणि सांग, आत काय दिसतंय?"