डॅल्व्हर नावाची हाक

मित्रांनो, मी एक जुनं आडनाव आहे. हसू नका! मला हातपाय नसले तरी माझं वय नऊशेच्या घरात आहे.

माझा जन्म इंग्लंडातला नाही. समुद्रापलीकडे नॉर्मंडीत अल्व्हेर नावाचं एक चिमुकलं खेडं होतं. तुमच्याकडे गावाच्या नावाला 'कर' जोडतात ना, तसं तिकडे आधी 'द' लावायचे. नॉर्मन राजाच्या फौजेबरोबर एक घोडेस्वार नावेतून इंग्लंडात उतरला, तो 'द अल्व्हेर'. लढाई जिंकल्यावर त्याला जमीन मिळाली आणि मला मान. काय माझा थाट होता म्हणून सांगू! मला नुसतं उच्चारलं की लोक डोक्यावरची टोपी काढायचे. ते भीतीने काढत होते, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे कुणी जुगारात शेतं घालवली, कुणी हरणाऱ्या राजाची बाजू धरली. गढी ढासळली आणि तिचे दगड गावाने गोठ्यांना लावले. तिथल्या सॉमरसेट परगण्यातल्या शेतकऱ्यांच्या तोंडात घोळून घोळून मीही 'डॅल्व्हर' झालो. पण खरं सांगू? तेच माझे सुखाचे दिवस. आमच्या घरची सफरचंदाची दारू पंचक्रोशीत गाजलेली. पिंपांवर मला खडूने लिहीत. "डॅल्व्हरची आहे ना? मग ओत की अजून!" असं कुणी म्हटलं की मी फुलून जायचो. अजूनही त्या खडूची आठवण येते.

मग महायुद्ध आलं. ॲम्ब्रोज डॅल्व्हरचा एकुलता एक मुलगा हम्फ्री परत आला नाही. चर्चसमोरच्या स्मारकाच्या दगडावर त्याच्यासोबत मलाही कोरलं. तो मोठा मान असतो म्हणतात. मला मात्र तिथे फार थंडी वाजते.

आता उरले दोघेच, म्हातारा ॲम्ब्रोज आणि त्याची मुलगी थर्झा. तिने दूधवाल्या लेन पग्जलीशी लग्न ठरवलं. आमच्याकडेही मुलगी लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावते. म्हणजे म्हाताऱ्यामागे मी संपणार होतो.

"पग्जली!" म्हातारा चिडून म्हणाला. "हे काय आडनाव आहे? कुणीतरी शिंकल्यासारखं वाटतं!"

"मी लेनशी लग्न करतेय, बाबा. त्याच्या आडनावाशी नाही."

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार नवरानवरीची नावं चर्चमध्ये वाचतात, आणि कुणाची हरकत आहे का, असं पाद्रीबाबा विचारतात. कुणीच काही बोलत नसतं. तिसऱ्या रविवारी मात्र ॲम्ब्रोज उभा राहिला.

"माझी हरकत आहे."

सगळं चर्च मागे वळून बघू लागलं. थर्झाचा चेहरा लालबुंद झाला.

"कसली हरकत, ॲम्ब्रोज?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"माझं नाव बुडतंय."

"अरे, ही हरकत कायद्यात बसत नाही. खाली बस बघू."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. म्हातारा बसला आणि हातातली टोपी कुरवाळत राहिला. मला त्याची इतकी दया आली! घरी परतताना थर्झा त्याच्या दहा पावलं पुढे चालत राहिली. लग्नाच्या दिवशी तिने मला शेवटचं कागदावर लिहिलं. तिचा हात जरासा थांबला होता, हे मी पाहिलं.

वर्षभराने तिला मुलगी झाली. "मुलगी तर मुलगी," म्हातारा म्हणाला, "तिला कशाला हवंय माझं ओझं?" चर्चमधल्या बारशाला तो मुद्दाम मागच्या बाकावर बसला. आमच्या इंग्लंडात आईकडचं आडनाव कधीकधी मुलग्याला पहिलं नाव म्हणून देतात. मुलीला कुणी देत नाही, निदान आमच्या गावात तरी नाही.

पाद्रीबाबांनी बाळाला हातात घेऊन नाव विचारलं.

"डॅल्व्हर," थर्झा म्हणाली.

"अगं, हे तर आडनाव! आणि ही मुलगी आहे."

"आहेच मुळी. कुणाची काही हरकत?" असं म्हणत तिने मागच्या बाकाकडे पाहिलं.

म्हाताऱ्याने टोपीत तोंड लपवलं. त्याचे खांदे हलत होते. शेजारच्या बाईने हळूच त्याच्या हातात रुमाल दिला.

ॲम्ब्रोजला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पिंपं विकली, दारावरची पाटी उतरली. मित्रांनो, तुमच्या आजीचं माहेरचं आडनाव काय होतं, हे तिला आजच विचारून ठेवा. तेही माझ्यासारखंच कुणाच्या तरी तोंडून यायची वाट बघत असेल.

माझं म्हणाल, तर नऊशे वर्षांत लोक मला भ्यायले, त्यांनी मला लिहिलं, कोरलं. पण लाडाने हाक कधी कुणी मारली नव्हती. आता रोज संध्याकाळी थर्झा बागेच्या फाटकाशी येऊन ओरडते, "डॅल्व्हर! ए डॅल्व्हर! उतर त्या झाडावरून, चहा निवतोय!"

आणि मी धावत सुटतो.