सीलबंद डब्यातली पकड

मित्रांनो, मी एक जुनी पकड आहे. खिळे उपटणारी नव्हे, फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरणारी. माझा तोरा पहिल्यापासूनच जगावेगळा. ऑपरेशनमध्ये मोठे सर्जन हात पुढे करून म्हणायचे, "म्हातारी द्या," की ट्रेमधली बाकीची चिल्लीपिल्ली गप्प व्हायची.

पुढे मनगटातून बारीक नळी घालून हृदयाची तुंबलेली नस मोकळी करायची सोय आली. छाती उघडायचं काम कमी झालं. चांगलंच झालं, मी कशाला नाक मुरडू? पण हजारात एखाद्या वेळी नळीतून सरकवलेली तारच नस भोसकते. तेव्हा आमच्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून आम्हा हत्यारांचा डबा, नळीचं काम चालायचं त्या खोलीत ठेवला. दर महिन्याला तो उघडायचा, सांध्यांना तेल द्यायचं, जंतू मारायला वाफेत घालायचा आणि तारखेची चिठ्ठी लावायची, असा दंडक होता.

तीन वर्षं डबा लागलाच नाही. मग लोक तो न उघडताच वाफेत घालू लागले. वर चिठ्ठी नवी कोरी, आत माझा सांधा गंजत चालला.

एका दुपारी एक शिंपीमामा टेबलावर होते. चांगले जागे, गप्पा मारत होते. "हाताचं बघा हं डॉक्टर, सगळं पोट त्यावरच आहे."

"संध्याकाळी सुईत दोरा ओवाल, मामा."

तेवढ्यात तारेनं नस फाडली. हृदयाभोवती रक्त साचलं, मामांचं बोलणं थांबलं. सर्जन धावत आले, छाती उघडली. भोक मागच्या बाजूला, बोट नीट पोचेना.

"म्हातारी द्या."

माझा जबडा उघडेना.

"गेल्या महिन्यात बघितली होती ना?"

सिस्टर खालच्या मानेनं म्हणाल्या, "चिठ्ठी लावली होती, सर."

वरच्या मजल्यावरून दुसरी पकड येईपर्यंत उशीर झाला. भोक शिवलं गेलं, हृदय काही चालू झालं नाही.

बाहेर मामी उभ्या होत्या. सर्जननी काही लपवलं नाही. "आमचं हत्यार अडकलं, मामी. चूक आमची आहे."

"बोलत बोलत आत गेले होते हो," एवढंच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी कोणापुढे मान झुकवणारी नव्हे, पण त्या बाईपुढे झुकली. दोन थेंब तेलाचा प्रश्न होता. जिची गरज क्वचित पडते, तिला अधूनमधून उघडून, हाताळून बघत जा. वरची चिठ्ठी वाचून आतली गत कळत नाही.