अभ्यासिकेतला गारवा

कळमनुरीच्या विहाराच्या माडीवर मुलींची अभ्यासिका होती. मे महिन्यात भर दुपारी तिथला विजेचा खटका पडायचा म्हणजे पडायचाच. दोन्ही एसी जिवाच्या आकांताने चाललेले, त्यात गावाचं व्होल्टेज उतरलेलं. खाली विहारातही अंधार व्हायचा आणि समितीचे अध्यक्ष पुंजाजी घाम पुसत जिना चढून यायचे.

"दीक्षाबाई, आता बास झालं," आज ते म्हणाले. "उद्या परत खटका पडला तर दुपारची अभ्यासिका बंद. पावसाळ्यात बघू."

दीक्षा शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीत अभ्यासिका सांभाळायची. तिने नुसती मान हलवली, पण समोर अभ्यासाला बसलेल्या उमैमाकडे तिला बघवेना. उमैमाच्या घरी एकच खोली, वर पत्रा, आत सात माणसं; आणि भरतीची परीक्षा जूनच्या तोंडावर. पावसाळा तिच्या काय कामाचा?

खटका वर करून दीक्षा कोपऱ्यात बसली आणि नुसती बघत राहिली. एसीखालच्या मुली ओढण्या गुंडाळून कुडकुडत होत्या. एकीने ऊब यावी म्हणून हळूच खिडकी उघडली. मागच्या ओळीत मात्र घामाच्या धारा, म्हणून कुणीतरी रिमोट उचलून एसी सोळा अंशांवर नेला. सोळावर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, हे दीक्षाने कितीदा सांगितलं होतं. पोरींनी ते परीक्षेला येणार असल्यासारखं लिहून घेतलं होतं आणि परत सोळाच लावलं होतं.

मग तिची नजर छताकडे गेली. तिन्ही पंखे बंद.

"पंखे काहून लावत नाही गं तुम्ही?"

"नोट्स उडतात ना मॅडम," सपना म्हणाली. "मागं लावला व्हता, तं माझं पंचायत राज उमैमाच्या भूगोलात गेलं."

"अन् माझी गोदावरी खिडकीतून खाली," उमैमा म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

दीक्षाही हसली. दोन उन्हाळे ती एसीच्या क्षमतेचे हिशेब मांडत होती आणि घोडं अडलं होतं झेरॉक्सच्या सुट्या पानांपाशी.

"उद्या येताना प्रत्येकीने कयाधू नदीतले गुळगुळीत दगड आणायचे," ती म्हणाली. "आणि नंबराप्रमाणे बसणं बंद. जिला जिथं बरं वाटेल, तिथं तिने बसायचं."

दुसऱ्या दिवशी दगड आले. सपनाने तर घरातला वरवंटाच आणला. "आईला सांगू नका मॅडम, ती शोधून राहिली." दीक्षाने खिडक्या लावल्या, पंखे सुरू केले, एक एसी बंद केला आणि दुसरा सत्तावीसवर ठेवला. घामेजणाऱ्या पंख्याखाली सरकल्या, कुडकुडणाऱ्या भिंतीकडे. दगडांखाली दाबलेली पानं जागची हलली नाहीत.

ऐन दुपारी पुंजाजी कुलूप घेऊनच आले. पंख्याखालच्या खुर्चीत बसले, टोपी काढली, डोळे मिटले.

"आज बराबर गार केलंय. सोळावर हाय ना?"

"सत्तावीस, बाबा," सपना म्हणाली. "अन् एकच एसी चालू हाय."

पुंजाजी उठले. बंद एसीखाली हात धरून बघितला, रिमोट डोळ्यांजवळ नेला. "मंग हे गार कोण करून राहिलं?"

"वारा," दीक्षा म्हणाली. "अंगावरचा घाम वाळला की माणूस गार होतो, बाबा. त्यासाठी सगळी खोली गोठवायची गरज नसते."

तेवढ्यात व्होल्टेज उतरलं. दिवे पिवळे पडले, पंखे मंदावले. साऱ्या माना खटक्याकडे वळल्या. एसी घरघरला, गप्प झाला, पुन्हा सुरू झाला. पंख्यांनी हळूहळू वेग धरला. खटका जागचा हलला नव्हता.

पोरींनी दगड उचलून बाकांवर असे बडवले, की खाली कुणीतरी दचकून हाक मारली. उमैमा रडतही होती आणि बडवतही होती.

पुंजाजींनी कुलूप पिशवीत टाकलं आणि ते जिना उतरले. अर्ध्या जिन्यातून त्यांचा आवाज आला, "दीक्षाबाई, डोंगरकडा गावच्या चार पोरी जागा मागून राहिल्यात. काय सांगू त्याईला?"

चार पोरी म्हणजे चार देहांची ऊब. दीक्षाने मनात हिशेब केला. एका एसीला झेपत होतं.

"या म्हणावं!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की पोरी बघतच राहिल्या.