सोमवारी सकाळी मी रोंगोच्या केसांतून गेले

हेडमास्तर साहेब, तुम्ही खोटं बोललात. शाळेच्या पायरीवर उभं राहून, सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, "समुद्रात पोहणाऱ्या पोराचे लांब केस म्हणजे डोक्यावरचा कचरा. ते नीट राहूच शकत नाहीत." तुम्ही याच बेटावर जन्मलात. याच समुद्रात डुंबलात. ज्याला माहीत नाही त्याला मी माफ करते, पण तुम्हाला माहीत होतं.

मित्रांनो, मी एक जुनी फणी आहे. किनाऱ्यावरच्या भेंडीच्या झाडाच्या लाकडाची. ज्या पोराच्या केसांना साहेब कचरा म्हणाले, त्या रोंगोच्या आजोबांनी मला कोरलं आणि मुशी माशाच्या खरखरीत कातड्याने घासून घासून असं गुळगुळीत केलं की माशीसुद्धा माझ्यावरून घसरावी. माझे दात विरळ आहेत. दोन दातांमधून करंगळी सहज जाते. बारीक दातांच्या बहिणी उवा काढतात, त्यांचं त्यांना लखलाभ. मी गुंता सोडवायला जन्मले.

दक्षिण समुद्रातल्या आमच्या या बेटावर थोरल्या मुलाचं जावळ तान्हेपणी काढत नाहीत. केस वाढू देतात. पोर चांगलं कळतं झालं की सगळं गोत जमवतात, केसांच्या बटा रिबिनींनी बांधतात आणि एकेक जण येऊन एकेक बट कापतो. पहिली बट मामाची. त्याच्याआधी कुणा परक्याची कात्री डोक्याला लागली की कार्य मोडलं. मग डुक्कर भाजा नाहीतर मासे वाटा, त्याला अर्थ नाही.

मी आधी रोंगोच्या बापाच्या, नूरोआच्या केसांत फिरले. त्याचे केस कापले गेले त्या दिवशी बायकांनी मला फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी मी मासे धरायच्या गळांच्या डब्यात गेले. कौतुक हे असं असतं, मित्रांनो, भरतीसारखं. वर्षानुवर्षं मी गंजाचे डाग अंगावर घेत पडून राहिले, माझा एक दातही तिथेच मोडला. रोंगोसाठी दुकानातून गुलाबी प्लास्टिकची फणी आली होती. ती रोंगोच्या केसांत शिरली आणि अर्धे दात तिथेच ठेवून बाहेर आली. तेव्हा कुठे नूरोआला मी आठवले.

नूरोआ होडी चालवतो. त्याचे हात दोरखंडासारखे आहेत. रोंगोची आई ऑकलंडला एका इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला, त्यामुळे केस बापाच्याच वाट्याला आले. त्याचे सोबती धक्क्यावरून ओरडायचे, "काय रे, आज अंबाडा की वेणी?" तो म्हणायचा, "तुझ्या टकलावर काय घालायचं ते आधी ठरव."

पण काम चोख करायचा. समुद्रात जाण्याआधी पोराचे केस गोड्या पाण्याने भिजवायचे. जे केस आधीच पाणी प्यायलेत ते खारं पाणी कमी पितात. मग खोबरेल चोपडून घट्ट वेणी. बाहेर आल्यावर अंगावरचं पाणी वाळायच्या आत पावसाच्या टाकीतलं पाणी डोक्यावर ओतायचं. पंच्याने खसाखसा पुसायचं नाही, नुसतं दाबायचं. आणि मग मी, टोकापासून वर. मुळापासून खाली ओढतो तो केसांचा वैरी.

तर साहेब, तुम्ही नूरोआला शाळेत बोलावलंत. मी रोंगोच्या दप्तरात होते, सगळं ऐकलं.

"शनिवारी पोहण्याची शर्यत आहे," तुम्ही म्हणालात. "केस कापल्याशिवाय पोराला पाण्यात उतरू देणार नाही."

"पुढच्या महिन्यात त्याचं कार्य आहे, साहेब. त्याची आई येतेय, मामा येतोय. तोवर थांबा."

"गुंते, वाळू, घाण! शाळा आहे ही, कोळ्याचं जाळं नाही."

"गुंता दाखवा," नूरोआ म्हणाला.

तुम्ही हसलात. "बरं. पोहू दे शनिवारी. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर मी स्वतः फणी फिरवीन. अडकली, की तिथल्या तिथे कात्री."

"चालेल. फणी आमची."

"फणी तुमची, कात्री माझी."

शनिवारी रोंगो पोहला. तिसरा आला. पहिल्या दोघांना टक्कल होतं, असं तो घरी सांगत होता, पण ते खरं नव्हतं. आणि नेमकी त्याच दुपारी बोटीतून नूरोआची थोरली बहीण उतरली, तेपाएरू. कार्याच्या दिवशी खुर्चीवर घालायची गोधडी शिवून घेऊन आली होती आणि सोबत फुलं घालून मुरवलेल्या खोबरेलाची भली मोठी बाटली. नूरोआ तिचं सामान उतरवत होता. पोर पाण्यातून आलं, खारं, निथळतं. आत्याने गळ्यात हार घातला आणि प्रेमाने अख्खी बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

आमच्या लोकांचं प्रेम हे असं. माणूस आला की हार, हार घातला की तेल. धुणं नंतर. आणि त्या संध्याकाळी तर पाहुण्यांच्या गोंधळात धुणं राहूनच गेलं. मीठ आणि वाळू तेलाखाली कोंडली गेली. रविवारी सकाळी वेणी सोडली तर आत केस नव्हतेच. होता तो जहाजाचा दोर.

नूरोआ बहिणीकडे वळला. "अक्का, काय केलंस हे!"

"मला काय ठाऊक पोरगं खारं आहे! वास तर फुलांचा येत होता!"

रोंगो रडला नाही. तो एवढंच म्हणाला, "मग मामाला येऊ नको म्हणून कळवायचं का?"

त्यावर तेपाएरू उठली. "नारळ आण," ती म्हणाली.

"आज रविवार आहे, अक्का."

तुम्हाला ठाऊक आहे साहेब, आमच्या बेटावर रविवारी कुणी होडी ढकलत नाही, लाकूड फोडत नाही, खोबरं खवत नाही. सगळं शनिवारीच उरकायचं. त्या शांततेत तेपाएरू खवणीवर बसली. खर्र, खर्र, खर्र. सगळ्या गावात आवाज गेला. कुंपणापलीकडून म्हातारी शेजारीण ओरडली, "रविवारी खोबरं कोण खवतंय गं?"

"मी! पाप माझं, नारळ भावाचे! देवाला सांग, नाव तेपाएरू!"

मग कुंपणावरून लिंबं आली, एकामागून एक. "नुसत्या नारळाच्या दुधाने तेल सुटायचं नाही," म्हातारी म्हणाली. "लिंबू पिळ त्यात. आणि मी काही पाहिलेलं नाही."

नारळाचं दूध आणि लिंबू केसांत जिरवलं. पाणी ओतलं, पुन्हा दूध, पुन्हा पाणी. तेल सुटलं, तेलामागून वाळू आली, वाळूमागून मीठ. मग नूरोआने मला उचललं. एका मुठीत मुळाशी केस धरले, म्हणजे ओढ डोक्याला लागू नये, आणि दुसऱ्या हाताने मला टोकाशी लावलं. बोटभर सुटलं की बोटभर वर. चर्च सुटलं, लोक घरी जेवायला गेले, आम्ही अजून मानेशीच होतो. माझा आणखी एक दात कडकन मोडला. मोडू दे! मी थांबले नाही. उन्हं कलताना मी पहिल्यांदा मुळापासून टोकापर्यंत गेले आणि तेपाएरूने असा हंबरडा फोडला की म्हातारी विचारायला आली, कोण गेलं म्हणून.

सोमवारी शाळा भरली. पोरं रांगेत, आयाबाया कुंपणाला. तुमच्या डाव्या हातात कात्री, उजव्यात मी. तुम्हाला घाम आला होता, मला जाणवलं. तुम्ही मला थेट मुळाशी खुपसलंत आणि खाली ओढलंत, वैऱ्यासारखं.

मी गेले. पाण्यातून वल्हं जावं तशी गेले! तुम्ही पुन्हा ओढलंत, कानामागून, मानेवरून. मी पुन्हा गेले. आधी एक पोर टाळ्या वाजवायला लागलं, मग अख्खी शाळा. तेपाएरू कुंपणावर चढून ओरडत होती, "अजून फिरवा साहेब! पोराची वेणीपण घाला!"

तुम्ही कात्री खिशात घातलीत आणि आत निघून गेलात.

महिन्याने कार्य झालं. ऑकलंडची आई आली, मामा आला. रोंगो गोधडी घातलेल्या खुर्चीवर राजासारखा बसला. मीच भांग पाडले, मीच बटा वेगळ्या केल्या. मामाने पहिली बट कापली, मग आईने, आत्याने, कुंपणापलीकडच्या म्हातारीने. आणि मग नूरोआने तुम्हाला पुढे बोलावलं, कारण आमच्या अंगणात आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. तुम्हीही एक बट कापलीत. मी बघत होते. तुम्ही ती अंगठ्याने चोळून पाहिलीत.

मित्रांनो, केस असोत की फणी, निगा रोज राखावी लागते. तुम्ही ती राखाल, मला खात्री आहे. माझा प्रश्न तुम्हाला नाही.

साहेब, ती बट हाताला कशी लागली? ज्या पायरीवरून कचरा म्हणालात, त्याच पायरीवर उभं राहून, तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगा. पोरं रांगेत उभी आहेत. बोला.